करवलं कुणी, केलं कुणी

माझ्या थोरल्या बहिणीचं सासर बऱ्हाणपूरला, सिंधीपुऱ्यात. जळगावहून सकाळची गाडी धरली की दुपारच्या जेवणाला पोचता येतं. गेल्या वर्षी दशलक्षण पर्व आटोपल्यावर मी चार दिवस राहायला गेले, तेव्हा माझी भाची घरीच होती. तिनं पुण्यात आर्किटेक्चरचं शिक्षण घेतलं, दोन वर्षं एका कचेरीत नकाशे काढले, आणि आता घराच्या माडीवर बसून ती दोन्ही कामं करते. लहान घरांचे, दुकानांचे आराखडेही काढते आणि पत्रिका, पुस्तकं, पाट्या, बोधचिन्हंही करते. वय सत्तावीस.

ताईला तिचं काम अजून नीट कळलेलं नाही. "दिवसभर कॉम्प्युटरवर अक्षरं इकडून तिकडे सरकवते," ताई म्हणाली. "विचारलं तर म्हणते, जागा बरोबर दिसत नाही. याला काय नोकरी म्हणायची?"

त्या दिवशी भाची जरा गप्प होती. शेजारच्या एका गावी पंचकल्याणक प्रतिष्ठा होऊन गेली होती. पत्रिका हिनं केली, मंडपाची कमान हिनं काढली, आणि मंदिराच्या दाराशी लावायची दानदात्यांची संगमरवरी पाटीसुद्धा हिनंच अक्षर न् अक्षर मोजून मांडली. पाटीवर दोनशेच्या वर नावं. कुणाचं 'श्रीमती' राहिलं, कुणाच्या आडनावात दीर्घ-ऱ्हस्व चुकलं, कुणाच्या आजोबांचं नाव खालच्या ओळीत गेलं म्हणून रात्री अकरापर्यंत फोन. शेवटी सगळं उत्तम झालं. पत्रिकेच्या पाठीवर छापखान्याचं नाव आलं, मंडपवाल्याचं आलं, भोजनव्यवस्थेचं आलं. हिचं कुठेच नाही. पैशांचं विचारलं तर उत्तर आलं, "समाजाचंच काम आहे, बेटा. पुण्य लागेल."

मी म्हटलं, "हे काही बरोबर नाही केलं त्यांनी."

ती माझ्याकडे बघून शांतपणे म्हणाली, "मावशी, तुझ्या स्मरणिकेवर तरी कुठे होतं?"

मला घाम फुटला. पाच वर्षांपूर्वी आमच्या महिला मंडळाच्या स्मरणिकेची संपादक मी होते. मुखपृष्ठ हिनं केलं होतं, तेव्हा ती शिकत होती. समवसरणाची वर्तुळं किती सुंदर काढली होती! अध्यक्षांचं, जाहिरातदारांचं, मुद्रितं तपासणाऱ्या बाईंचं, सगळ्यांचं नाव मी घातलं. शेवटी 'ज्ञात-अज्ञात सर्वांचे आभार' असं लिहून मोकळी झाले. घरचीच मुलगी, तिचे काय आभार मानायचे? म्हणजे माझ्या सख्ख्या भाचीला मी 'अज्ञाता'त घातलं होतं.

विषय बदलायला तिनंच विचारलं, "तू इतिहास वाचतेस. आपल्याकडे पूर्वी इमारत आणि अक्षर, दोन्ही करणारं कुणी होतं का? की हे माझ्यापासूनच सुरू झालं?"

मला लगेच उत्तर सुचलं नाही. पण उत्तराची सुरुवात तिच्याच गावात होती. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही दोघी रिक्षानं जामा मशिदीत गेलो.

ही मशीद फारुकी घराण्यातल्या राजा अली खान ऊर्फ आदिलशाहानं बांधवली. खानदेशावर या घराण्यानं दोनशे वर्षं राज्य केलं. दोन उंच मिनार, आत कमानींची लांबच लांब रांग, आणि बाहेर गावातल्या यंत्रमागांचा खडखडाट चालू असला तरी आत गारवा. तिथल्या अरबी लेखात हिजरी ९९७ हे साल आहे, म्हणजे इसवी सन १५८८-८९. पण मशिदीच्या टोकाच्या मेहराबीत एक संस्कृत लेख आहे, नागरी अक्षरांत. मशिदीत संस्कृत! तिथल्या माणसानं आम्हाला जवळ नेऊन दाखवला. सुरुवातीला सृष्टिकर्त्याला नमस्कार, मग निर्गुण, सर्वव्यापी ईश्वराचं वंदन, जे वाचून आपल्यातल्या कुणालाही परकं वाटू नये. त्यानंतर फारुकी राजांची वंशावळ. मग तारीख : संवत् १६४६, शके १५११, पौष शुक्ल, सोमवार, एकादशी. नुसती तारीख नाही, घटिका, नक्षत्र, योग, करण, सगळं पंचांग मांडलेलं. आपल्या पत्रिकांत मुहूर्त छापतात तसं. इसवी सनात ते १५९० च्या जानेवारीत येतं.

राजाचं नाव तिथे 'एदलशाह' असं आहे. आपल्याकडच्या मुक्ताईनगरला जुनी माणसं अजून एदलाबाद म्हणतात, त्यातला 'एदल' तो हाच शब्द. मशिदीला लेखात 'मसीति' म्हटलंय. आणि शेवट असा की, एदलशाह राजानं स्वधर्माच्या पालनासाठी ही मसीति निर्माण केली. तिथे मजकूर संपतो.

भाची बराच वेळ अक्षरं बघत होती. मग म्हणाली, "राजानं निर्माण केली म्हणे. राजानं एक तरी दगड उचलला असेल का?" आणि पुढे, "मावशी, हे अक्षर मांडणं सोपं नाही गं. पंचांगातला एक शब्द जास्त झाला तर ओळ फुटते. आणि दगडावर कंट्रोल-झेड नसतं."

दगडावर अक्षर आणायची एक जुनी रीत अशी. लिहिणारा आधी पूर्ण आकारात कागदावर लिहितो. त्या अक्षरांच्या कडेनं बारीक भोकं पाडतात. कागद दगडावर धरून वरून कोळशाची पूड मारली की ठिपके उमटतात, आणि त्या ठिपक्यांवरून पाथरवट छिन्नी चालवतो. म्हणजे एका लेखामागे निदान तिघं : मजकूर रचणारा, अक्षर लिहिणारा आणि कोरणारा. संस्कृत लेखात यांतलं कुणी सापडत नाही. अरबी लेखात मात्र एक आहे. मुस्तफा, नूर मुहम्मदचा मुलगा, खत्तात. खत्तात म्हणजे सुंदर अक्षर लिहिणारा. त्यानं स्वतःचं नाव बापाच्या नावासकट लिहून ठेवलं, म्हणून चारशे वर्षांनी दोन जैन बायका तिथे उभ्या राहून त्याचं नाव घेत होत्या.

त्याच मशिदीवर एक फारसी लेखही आहे, अकबराचा. १६०१ च्या जानेवारीत अशीरगड पडला आणि फारुकींचं राज्य संपलं. त्या विजयाची नोंद करणारा हा लेख लिहिला मीर मुहम्मद मासूम यानं. भाचीला मी म्हटलं, "तुझ्या प्रश्नाचं उत्तर हा."

हा मूळचा सिंधमधला, सिंधू नदीतल्या भक्कर या बेटावरच्या किल्ल्याचा. वडील विद्वान, पण ते गेल्यावर घरात ओढग्रस्त आली. शिकलेला, हुशार, पण हाताशी काम नाही अशा अवस्थेत तो गुजरातेत गेला. तिथे भक्करच्याच एका ओळखीच्या माणसानं त्याची गाठ गुजरातचा दिवाण निजामुद्दीन अहमद याच्याशी घालून दिली. निजामुद्दीन तेव्हा आपला मोठा इतिहासग्रंथ लिहीत होता. मासूमला इतिहासाची जाण, त्यामुळे दोघांचं जमलं. तिथून तो अकबराच्या चाकरीत वर चढला. पुढे अकबरानं त्याला इराणच्या शाह अब्बासकडे वकील म्हणून पाठवलं. त्यानं सिंधचा इतिहास लिहिला, 'नामी' या नावानं कविता केल्या, वैद्यकीही त्याला येत होती. सक्कर गावात त्यानं बांधायला घेतलेला मिनार आजही उभा आहे. त्याची उंची सुमारे ८४ फूट आणि आत ८४ पायऱ्या. म्हणजे इमारत झाली, आणि अक्षरही झालं : आग्र्याच्या किल्ल्याच्या दारावर, मांडूत, फत्तेपूर सिक्रीत, जिथे जाईल तिथे त्यानं लेख कोरवून ठेवले.

फत्तेपूर सिक्रीचा बुलंद दरवाजा आपण सगळ्यांनी सहलीत पाहिलेला असतो. त्याच्यावरच्या फारसी लेखात अकबरानं दख्खन आणि 'दांदेश' जिंकल्याचं लिहिलंय. दांदेश म्हणजे आपला खानदेश. शाहजादा दानियालच्या नावावरून ते नाव दिलं होतं, ते टिकलं नाही. त्या लेखाखालीही हाच मासूम आपलं नाव लिहितो, बापाचं नाव लिहितो, आणि आपला जन्म भक्करचा हेही लिहितो. बादशहाच्या सर्वांत मोठ्या दारावर बादशहाच्या नावाबरोबर स्वतःच्या गावाचं नाव! भाचीला हे फार आवडलं. "म्हणजे माझ्यासारखंच, बाहेर जाऊन काम करायचं आणि सही करताना गाव लिहायचं," ती म्हणाली.

सिंधीपुऱ्याचं नावही सिंधशी जोडलेलं आहे. सोळाव्या शतकात सिंधमधून निघालेली सूफी कुटुंबं गुजरात, वऱ्हाड असं फिरत बऱ्हाणपुरात आली आणि इथे राहिली. शेख ईसा जुंदुल्ला हे त्यांतलं मोठं नाव, ते १६२२ मध्ये वारले. पुढे त्याच शतकात सुरतेचा जैन व्यापारी वीरजी वोरा याचीही पेढी बऱ्हाणपुरात होती. म्हणजे हे गाव बाहेरून आलेल्यांचं, हुन्नर आणि व्यापार दोन्ही घेऊन आलेल्यांचं आहे. आपण त्यांतले व्यापारवाले, एवढाच फरक.

घरी परतताना मला आपल्या धर्मातले लेख आठवायला लागले, आणि तिथे गोष्ट जरा अवघड झाली. श्रवणबेळगोळला बाहुबलीच्या पायाशी मराठीतल्या अगदी जुन्या वाक्यांपैकी एक आहे, हे आपण शाळेत शिकलो : 'श्रीचावुण्डराजें करवियलें'. आपल्याला त्याचा अभिमान आहे, असायलाच हवा. पण त्या क्रियापदाकडे मी कधी नीट पाहिलं नव्हतं. करवियलें म्हणजे करवलं, दुसऱ्याकडून करून घेतलं. कानडीतही तेच, 'माडिसिदं'. सत्तावन्न फुटांची मूर्ती, डोंगराच्या कातळातून काढलेली, ओठांवरचं ते हसू. ते ज्यानं केलं त्याच्यासाठी पायाशी क्रियापदच नाही. एका परीनं चावुंडरायाचा शब्द प्रामाणिक आहे. तो 'मी केलं' म्हणत नाही, 'करवलं' म्हणतो. बऱ्हाणपूरच्या राजाच्या लेखापेक्षा हे बरंच म्हणायचं.

पण आपल्यात दुसरी रीतही होती. राजस्थानात राणकपूरचं चौमुख मंदिर धरणाशाह पोरवाडानं बांधवलं. तिथल्या संवत् १४९६, म्हणजे इसवी सन १४३९ च्या लेखात सूत्रधार देपाकाचं नाव आहे. सूत्रधार म्हणजे आजच्या भाषेत आर्किटेक्ट. शेठजींचं नाव मोठं, राण्याचं नाव मोठं, पण देपाकाचंही आहे. त्यामुळे शेठजींचं पुण्य काही कमी झालं नाही. उलट आज मंदिर बघायला जाणारे दोघांचीही नावं घेतात. त्याच्याही आठशे वर्षं आधी, ऐहोळेच्या मेगुती टेकडीवर जैन कवी रविकीर्तीनं इसवी सन ६३४ चा लेख रचला. मंदिर त्यानंच उभं केलं आणि लेखही त्यानंच रचला, आणि कालिदास-भारवीच्या तोलाचा कवी म्हणून स्वतःचं नाव घालताना तो जराही लाजला नाही.

आणि बायका? मथुरेतून निघालेले जैन शिलापट पाहा. दोन हजार वर्षांपूर्वीचे. त्यांवर बायकांची कितीतरी नावं. श्रमणांची श्राविका अमोहिनी. लोणशोभिका गणिकेची मुलगी वसू, तीही गणिका, तिनं अर्हंतांचं पूजास्थान करवलं आणि नाव लिहून घेतलं. तिच्या धंद्यासकट, आईच्या नावासकट. तिथे कुणी म्हटलं नाही की नाव कशाला, पुण्य लागेल. म्हणजे आपल्या बायकांची नावं दगडावर होती, पण ती दान देणाऱ्या बायकांची. हातानं करणाऱ्या बाईचं नाव मला तिथे आठवेना. तेव्हा दगड घडवायचं शिक्षण बाईला मिळत नव्हतं. आज मिळतंय. आपण मुलींच्या फिया भरतो, वसतिगृहात ठेवतो, पदवीदानाला फोटो काढतो. आणि मग त्यांच्या कामाखाली नाव घालायची वेळ आली की आपल्या तोंडून तेच जुनं क्रियापद निघतं.

एक जैन मुलगी मात्र मला नावासकट सांगता आली. गिरा साराभाई. अहमदाबादच्या गिरणीमालक अंबालाल साराभाईंची धाकटी मुलगी, जन्म १९२३ चा. शिक्षण घरीच. पुढे ती अमेरिकेत ॲरिझोनाच्या वाळवंटात फ्रँक लॉइड राइट या वास्तुविशारदाकडे काम शिकली. परत येऊन भाऊ गौतम यांच्याबरोबर अहमदाबादेत कॅलिको गिरणीसाठी घुमटाचं दुकान उभारलं, कॅलिको वस्त्रसंग्रहालय घडवलं, आणि १९६१ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेच्या उभारणीत आणि तिच्या इमारतीत तिचा मोठा वाटा होता. आज देशभरातून ज्या मुली अक्षर, चित्र, मांडणी शिकायला त्या संस्थेत जातात, त्या तिनं घडवलेल्या घरातच शिकतात. ताईनं हे ऐकलं आणि म्हणाली, "ते साराभाई, त्यांचं वेगळं." खरंय. पैसा होता, घरचा पाठिंबा होता. गिराबेननी आयुष्यभर प्रसिद्धी टाळली, २०२१ मध्ये त्या गेल्या तेव्हा अनेकांना त्यांचं काम प्रथमच कळलं. पण स्वतःहून मागे राहणं आणि कुणी विचारलंच नाही म्हणून मागे राहणं यांत फरक आहे. आमच्या पोरीला कुणी विचारलंच नव्हतं.

हे फक्त मुलींचं आहे असंही नाही. आपण कित्येक वर्षं कॉम्प्युटरवर मराठी वाचली ती 'मंगल' नावाच्या अक्षरात. ते अक्षर कोल्हापूरकडच्या र. कृ. जोशींनी (१९३६–२००८) रेखलं. मंडळाचे अहवाल, मुलांचे प्रकल्प, सोयरिकीचे बायोडेटा, सगळं आपण त्यात टाइप केलं. त्यांचं नाव किती जणींना माहीत होतं? मलाही भाचीनंच सांगितलं.

कायद्याचं तिनंच सांगितलं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात चित्र, रेखाटन आणि वास्तुरचना ही तिन्ही 'कलाकृती' या एकाच व्याख्येत येतात. म्हणजे तिची दोन्ही कामं कायद्यानं एकाच घरात ठेवली आहेत. आणि त्याच कायद्याचं ५७ वं कलम सांगतं की, हक्क विकून टाकले तरी हे काम माझं आहे असं म्हणायचा अधिकार करणाऱ्याकडेच राहतो. मी म्हटलं, "मग तू समितीला कलम दाखव." ती हसली. "मावशी, देवळात कलम दाखवून मी कुठे जाऊ? त्यांना आपणहून वाटायला पाहिजे."

बरोबर आहे तिचं. कलम कोर्टात चालतं. समाजात काय चालतं, ते आपण चालवतो. म्हणून हे लिहितेय. कारण या समित्यांत, महिला मंडळांत, स्मरणिकांत आता आपणच आहोत. पत्रिकेचा मजकूर आपण तपासतो, पाटीवरच्या नावांची यादी आपण करतो. त्या यादीत एक ओळ वाढवायला संगमरवर महाग पडत नाही. आणि मानधनाचं म्हणाल तर हलवायाला आपण पुण्यावर बोलावत नाही, छापखान्याला पुण्यावर कागद मागत नाही. मग मुलीची रात्रच तेवढी पुण्यखाती का?

कुणी म्हणेल, नावाची हाव हा कषाय आहे, आपल्या धर्माला तो मान्य नाही. असेल. पण मग दोनशे दात्यांची नावंही काढू या. ते कुणी म्हणणार नाही. आणि आपल्या पुराणात काय आहे ते आठवा. भगवंतांना केवलज्ञान झालं की समवसरण रचलं जातं. आज्ञा इंद्राची, रचना कुबेराची. लहानपणापासून आपण हे असंच ऐकलंय, दोघांची नावं घेऊन. इंद्र देवांचा राजा, तरी त्यानं कुबेराचं नाव गाळायला लावलं नाही.

त्या भेटीत मी भाचीला म्हटलं, पुढचं काम घेताना मी तुझ्याबरोबर येते. डिसेंबरात एका मंदिराच्या मानस्तंभाच्या पाटीसाठी तिला बोलावणं आलं. मी फोनवर दोन गोष्टी विचारल्या : मानधन किती आणि नाव कुठे. पलीकडचे काका जरा थबकले. मानधन ठरलं, तिच्या नेहमीच्या निम्मं. नावाचं "बघू" म्हणाले. अजून बघताहेत. मी दर पंधरा दिवसांनी फोन करते.

जे माझ्या हातात होतं ते मात्र मी केलं. मंडळाच्या त्या जुन्या स्मरणिकेच्या उरलेल्या प्रती आमच्या कपाटात होत्या. चिकटपट्ट्या छापून आणल्या आणि आम्ही चौघी जणी एका दुपारी प्रत्येक प्रतीच्या आतल्या पानावर चिकटवत बसलो : 'मुखपृष्ठ आणि अक्षरलेखन', पुढे तिचं पूर्ण नाव आणि 'सिंधीपुरा, बऱ्हाणपूर'. मासूमनं लिहिलं होतं तसं, गावासकट. पाच वर्षं उशिरा.

तिचं नाव मी इथे लिहीत नाही. तसं तिनंच सांगितलं आहे. म्हणाली, "नाव कामावर पाहिजे, मावशी. लेखात नको."